घरच्या घरी ऋतूनुसार पेये : संत्रा स्क्वॅश, अंबाडी सरबत, पन्हे आणि आंबील

नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा मार्गालगत मिहान प्रकल्प उभा आहे. खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, शिवणगाव या गावांची शेतजमीन त्यासाठी गेली. ९ मार्च २०२५ रोजी याच प्रकल्पात पतंजलीच्या फूड अँड हर्बल पार्कचे उद्घाटन झाले. तेथे दररोज ८०० टन संत्र्यावर प्रक्रिया करण्याची क्षमता असल्याचे जाहीर झाले आहे. विदर्भातील संत्रा बागायतदारांनी या कारखान्याची कित्येक वर्षे वाट पाहिली होती.

परंतु कारखान्याला फळ लागते ते ट्रकने. परिसरात ज्यांच्याकडे घरामागे आठ-दहा झाडे शिल्लक आहेत, किंवा बागेतील चांगले फळ व्यापाऱ्याने नेल्यावर तीन-चार क्रेट बारीक फळ मागे उरते, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. हे फळ पाहुण्यांना वाटले जाते, उरलेले बांधावर सडते. मग उन्हाळ्यात त्याच घरात रंग आणि वास घातलेल्या, फळाचा नावापुरता अंश असलेल्या पेयांच्या बाटल्या विकत येतात. बारीक फळाचा रस मोठ्या फळापेक्षा कमी प्रतीचा नसतो. कमी असतो तो बाजारभाव. हे फळ घरातच टिकवता येईल का, एवढाच या लेखाचा विषय आहे. ओघाने उन्हाळ्यातील आणि पावसाळ्यातील काही पेयांचाही विचार केला आहे.

संत्र्याचा रस कडू का होतो?

घरी संत्र्याचा रस काढणाऱ्या प्रत्येक गृहिणीचा अनुभव असा की, काढल्याबरोबर रस गोड लागतो आणि दोन-चार तासांनी तोच रस कडवट होतो. पुष्कळ भगिनी यामुळेच स्क्वॅश करण्याच्या फंदात पडत नाहीत. भांडे खराब होते, साखर वाईट होती, बाटली नीट धुतली नव्हती अशी कारणे सांगितली जातात. खरे कारण फळातच आहे.

संत्र्याच्या पाकळीवरील पापुद्र्यात, सालीच्या आतील पांढऱ्या भागात आणि पाकळ्यांवरील तंतूंमध्ये एक पदार्थ असतो, जो मुळात कडू नसतो. रस काढताना तो रसात उतरतो. रसातील आंबटपणामुळे हळूहळू त्याचे लिमोनीन या कडू पदार्थात रूपांतर होते. रस तापवला तर हीच क्रिया झपाट्याने होते. बियांमध्ये लिमोनीन भरपूर असतेच. म्हणून बियांसकट मिक्सरमध्ये फिरवलेला रस हमखास कडू होतो, आणि टिकावा म्हणून उकळलेला रस तर त्याहून कडू होतो. आपल्या नागपुरी संत्र्याच्या रसाची ही जुनी अडचण आहे. प्रक्रिया उद्योगालाही ती चुकलेली नाही.

फळ जसजसे झाडावर पूर्ण पक्व होते, तसतसे या मूळ पदार्थाचे प्रमाण घटते. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये आंबिया बहाराची फळगळ होते. त्या गळीच्या हिरवट फळांचा स्क्वॅश करावा का, असे शिबिरांमध्ये अनेकदा विचारले जाते. करू नये. ते फळ फुकटचे असले तरी अपक्व असते, रस सर्वांत कडू त्याचाच होतो. शिवाय त्यातील बरीच फळे रसशोषक पतंगाने टोचलेली असतात. टोचलेल्या जागी बारीक छिद्र आणि भोवती मऊ पडलेला डाग दिसतो. आतून अशा फळाचे आंबणे सुरू झालेले असते. असे एखादे फळ जरी चुकून घाण्यात गेले तरी सगळ्या रसाला आंबूस वास येतो. ही फळे गोळा करून खड्ड्यात पुरावीत.

स्क्वॅशसाठी आंबिया बहाराचे फळ डिसेंबरमध्ये, तर मृग बहाराचे फेब्रुवारी-मार्चमध्ये, पूर्ण रंग आल्यावर घ्यावे. फवारणी केली असल्यास औषधाच्या वेष्टनावर दिलेला प्रतीक्षा काळ संपलेला असावा.

फळ योग्य आहे की नाही याची एक सोपी परीक्षा आहे. चार-पाच फळांचा रस काढून अर्धा कप रस पाच मिनिटे उकळावा, थंड करून चाखावा. उकळल्यामुळे उद्याचा कडवटपणा आजच कळतो. जीभ वाकडी झाली तर आठ-दहा दिवस थांबावे. वेळ असेल तर न उकळता कपभर रस झाकून रात्रभर ठेवावा आणि सकाळी चव पाहावी. एवढ्या परीक्षेने अडीच किलो फळ आणि पावणेदोन किलो साखर वाचत असेल तर ती करण्याचा आळस करू नये.

संत्रा स्क्वॅश

अन्नप्रक्रियेच्या नियमांनुसार स्क्वॅश म्हणवण्यासाठी त्यात किमान २५ टक्के फळांचा रस आणि किमान ४० टक्के एकूण विद्राव्य घटक (मुख्यतः साखर) असावे लागतात. खाली दिलेले प्रमाण या दोन्ही अटी पूर्ण करते.

संत्र्याचा रस १ लिटर (यासाठी साधारण अडीच ते तीन किलो फळे), साखर १ किलो ७५० ग्रॅम, पाणी १ लिटर, सायट्रिक आम्ल (लिंबूसत्त्व) ३० ग्रॅम, पोटॅशियम मेटाबायसल्फाइट २ ग्रॅम.

प्रथम काचेच्या बाटल्या स्वच्छ धुऊन पाण्यात अर्धा तास उकळाव्यात आणि पालथ्या घालून कोरड्या करून घ्याव्यात. नंतर साखर, पाणी आणि सायट्रिक आम्ल एकत्र करून तापवावे. साखर विरघळून एक उकळी आली की उतरवावे, पातळ कापडातून गाळावे आणि पाक पूर्ण थंड होऊ द्यावा. पाक कोमट असताना रस मिसळण्याची घाई बहुतेक ठिकाणी होते, आणि तेथेच कडवटपणाला वाट मिळते. सोयीचे म्हणजे पाक आदल्या रात्री करून ठेवणे.

दुसऱ्या दिवशी फळे धुवावीत, पुसावीत, हाताने सोलावीत. पाकळ्यांवरचे पांढरे तंतू जमतील तेवढे काढावेत. पाकळीची आतली कड चिरून बिया काढाव्यात आणि पाकळ्या हलक्या हाताने दाबून स्टीलच्या चाळणीतून रस गाळावा. शेवटचा थेंब पिळून काढण्याचा मोह टाळावा. चोथा जितका दाबाल तितका कडवटपणा रसात उतरतो. फळ आडवे कापून सालीसकट दाबयंत्रात घालण्याची पद्धत वेळ वाचवते खरी. पण त्यात सालीतील तेलही रसात येते. ताज्या रसात ते सुवासिक वाटते, महिन्याभराने त्याचाच उग्र वास येतो. घरच्यासाठी हाताने सोलणेच बरे. चौघीजणी बसल्या तर तीन किलो फळाला फार वेळ लागत नाही.

थंड पाकात रस मिसळावा. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट दोन चमचे पाण्यात विरघळवून सर्व मिश्रणात नीट ढवळावे. बाटलीच्या तोंडाशी दोन-अडीच सेंटिमीटर जागा सोडून बाटल्या भराव्यात, झाकणे घट्ट लावावीत आणि अंधाऱ्या, थंड जागी ठेवाव्यात. या प्रमाणात साधारण तीन लिटर, म्हणजे ७५० मि.लि.च्या चार बाटल्या स्क्वॅश तयार होतो. तो सहा महिने चांगला राहतो. बाटली उघडल्यावर मात्र फ्रीजमध्ये ठेवून महिनाभरात संपवावी. स्क्वॅशचा एक भाग आणि थंड पाण्याचे तीन भाग घेतल्यास साठ पेले सरबत होते.

दोन ग्रॅम म्हणजे दोनच ग्रॅम

परिरक्षकाच्या बाबतीत दोन प्रकारच्या चुका होतात. काही घरांत औषध नको म्हणून ते घालतच नाहीत आणि महिन्याभरात बाटल्यांना फेस येतो. काही घरांत चमचाभर घालतात. स्क्वॅशमध्ये गंधक डायऑक्साइडची मर्यादा दर किलोला ३५० मिलिग्रॅम आहे. वरील प्रमाणात २ ग्रॅम मेटाबायसल्फाइटने ती सुमारे ३०० पर्यंत जाते. म्हणजे हात जरा सैल पडला की मर्यादा ओलांडली जाते, आणि सरबताला काडेपेटीसारखा वास येतो. चमच्याने हे माप साधत नाही. सराफाच्या काट्यावर दोन-दोन ग्रॅमच्या पुड्या बांधून आणाव्यात आणि त्या कोरड्या घट्ट बरणीत ठेवाव्यात. ही पूड उघडी राहिली तर तिचा जोर कमी होतो. मागच्या वर्षीची पुडी यंदा वापरू नये.

घरात दम्याचा रुग्ण असेल तर सल्फाइट घातलेले पेय त्याला देऊ नये, काहींना त्याने धाप लागते. अशा घरी परिरक्षकाशिवाय थोडाच स्क्वॅश करावा व फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवावा. बाटलीत फेस दिसणे, झाकण उघडताना वायू जोराने बाहेर पडणे, दारूसारखा वास येणे ही आंबल्याची लक्षणे होत. असा स्क्वॅश पुन्हा उकळून वापरू नये, टाकून द्यावा. तळाशी गर बसणे हा मात्र दोष नाही, बाटली हलवून घ्यावी.

लाल रंगाची पेये : अंबाडी

संत्र्याचे औषध अंबाडीला चालत नाही. लाल अंबाडीच्या बोंडांवरील मांसल पाकळ्यांचा, तसेच जांभूळ आणि कोकमाचा रंग गंधक डायऑक्साइडने उडतो. मेटाबायसल्फाइट घातलेले अंबाडी सरबत फिक्कट पडते. येथे सोडियम बेंझोएट वापरावे.

पूर्वी तुरीच्या किंवा कपाशीच्या कडेने अंबाडीचे तास असायचे. आता वळण तुटत चालले आहे, तरी ज्यांच्याकडे आहे त्यांनी पावसाळा सरल्यावर बोंडे काढून आतील बियांची बोंडी वेगळी करावी व लाल पाकळ्या सावलीत वाळवाव्यात. वाळलेल्या १०० ग्रॅम पाकळ्यांसाठी दोन लिटर पाणी उकळून उतरवावे, त्यात पाकळ्या टाकून अर्धा तास झाकून ठेवावे आणि गाळावे. जेवढे पाणी मिळेल तेवढ्याच वजनाची साखर त्यात विरघळवावी. एक किलो ६०० ग्रॅम अर्क आणि तेवढीच साखर असेल तर २ ग्रॅम सोडियम बेंझोएट पुरते. अंबाडी मुळातच आंबट असल्याने सायट्रिक आम्लाची गरज नाही. लोखंडी किंवा पितळी भांडे वापरू नये, स्टीलचे वापरावे. मुलांना एक गंमत दाखवता येईल. या सरबताच्या थेंबात लिंबू पिळले की रंग अधिक लाल होतो, आणि खाण्याचा सोडा टाकला की निळसर जांभळा.

उन्हाळा : तहान वेगळी, चव वेगळी

२३ मे २०१३ रोजी नागपुरात तापमान ४७.९ अंश सेल्सिअसला पोहोचले होते. ४५ अंशांच्या पुढे पारा जाणे तर आपल्याला नवीन नाही. मिहानच्या इमारतींवर, रस्त्यांवर, आणि आजूबाजूच्या शेतात मशागतीला असलेल्या माणसांना या दिवसांत काय प्यायला द्यावे, हा चवीचा नव्हे तर आरोग्याचा प्रश्न आहे.

येथे स्क्वॅशविषयी स्पष्ट सांगितले पाहिजे. वर दिलेल्या प्रमाणाने केलेल्या सरबताच्या एका पेल्यात (२०० मि.लि.) सुमारे ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा चहाचे चमचे. पाहुणचाराला ते उत्तम. मधुमेह असलेल्यांना चालणारे नाही, आणि घामाघूम झालेल्या मजुराची तहान भागवण्यासाठीही योग्य नाही. त्याच्या शरीरातून पाण्याबरोबर मीठ गेलेले असते. त्याला हवे पाणी, थोडी साखर किंवा गूळ आणि मीठ. आपले पन्हे हे काम चांगले करते, मात्र ते पातळ केलेले असावे.

मध्यम आकाराच्या दोन कैऱ्या चुलीच्या निखाऱ्यात भाजाव्यात किंवा कुकरमध्ये उकडाव्यात. भाजलेल्या कैरीचा स्वाद वेगळाच येतो, आणि चूल असलेल्या घरी तोच प्रकार करावा असे माझे मत आहे. साल व कोय काढून गर कुस्करावा. शेतावर न्यायचे असेल तर या गरात तीन लिटर पाणी, १५० ग्रॅम गूळ, दीड सपाट चहाचा चमचा मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि पुदिना घालावा. घरी प्यायचे असेल तर पाणी निम्मे करावे, मीठ चिमूटभर ठेवावे व वेलदोडा घालावा. तयार पन्हे माठाच्या गारव्यात दिवसभर राहते, त्यापेक्षा जास्त नाही. गर मात्र फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात गोठवून ठेवता येतो.

उलट्या-जुलाब झाले असतील तर पन्ह्यावर विसंबू नये. ओआरएसची पुडी द्यावी. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण ठेवावे. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध, शुद्ध हरपत चाललेली अशी लक्षणे दिसली तर तोंडात काहीही ओतू नये. माणसाला सावलीत आणून अंगावर पाणी मारत, वारा घालत तातडीने दवाखान्यात न्यावे. मिहानमध्येच आता एम्स रुग्णालय आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले. खिशात कांदा ठेवण्याला माझा विरोध नाही, पण त्या भरवशावर दुपारी दोन वाजता डवरणी करू नये.

बेलफळाचे सरबतही या दिवसांत करतात. फळ फोडून गर तेवढ्याच पाण्यात दोन तास भिजवावा आणि हाताने कुस्करून गाळावा. बियांभोवती चिकट डिंक असतो, त्यामुळे गर मिक्सरमध्ये फिरवला तर सरबत बुळबुळीत होते.

ज्वारीची आंबील

माझा विषय पिकांचा, त्यामुळे ज्वारीबद्दल थोडे अधिक लिहिल्यास वाचकांनी समजून घ्यावे. नागपूर जिल्ह्यात सोयाबीन आणि कपाशीने ज्वारीची जागा घेतली, आणि तिच्याबरोबर आंबीलही घराघरांतून गेली. पोट बिघडलेले असो, आजारातून उठलेले माणूस असो किंवा सकाळी लवकर शेतावर जायचे असो, आंबील पचायला हलकी, पोटाला आधार देणारी आणि खर्चाने किरकोळ आहे.

चार मोठे चमचे ज्वारीचे पीठ वाटीभर ताकात गुठळ्या न होता कालवून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी तीन वाट्या पाणी उकळत ठेवून त्यात ठेचलेला लसूण, जिरे आणि मीठ घालावे. आंच मंद करून भिजवलेले पीठ धार धरून सोडावे आणि सतत ढवळत दहा मिनिटे शिजवावे. ढवळणे थांबले की तळाशी लागते. हिवाळ्यात गरम प्यावी, उन्हाळ्यात गार करून वरून ताक घालावे. रात्रभरच्या आंबण्याने येणारा आंबटपणा दह्यातल्यासारखाच असतो, त्यात नशा नसते. मोहफुले आंबवून केलेल्या पेयाची गोष्ट निराळी. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा आहे, मग ती घरच्यासाठी का असेना.

मिश्र सरबते

वर्धा मार्गावरील हॉटेलांत निरनिराळे रस एकत्र करून उंच पेल्यात देतात. तेच घरी सहज होते. संत्रा स्क्वॅश आणि अंबाडी सरबत समभाग घेऊन सहापट थंड पाणी घालावे. रंग सुंदर येतो, आणि अंबाडीच्या आंबटपणामुळे संत्र्याचा उरलासुरला कडवटपणाही जाणवत नाही. संत्रा स्क्वॅशमध्ये पेल्यामागे अर्धा चमचा आल्याचा रस आणि चिमूटभर काळे मीठ हेही चांगले लागते. आल्याचा रस काढल्यावर पंधरा मिनिटे स्थिर ठेवावा. तळाशी पांढरे पिठूळ बसते, ते सोडून वरचा रस घ्यावा. थंडीत गवती चहा व आले उकळून, भांडे उतरवल्यावर त्यात दोन चमचे स्क्वॅश घालावा. रस चुलीवर उकळू नये. दूध आणि संत्रा एकत्र करू नये, दूध फाटते.

मिश्रणे नेहमी पितेवेळीच करावीत. दोन सरबते एका बाटलीत भरून ठेवली तर मेटाबायसल्फाइटने अंबाडीचा रंग जातो.

बचत गटामार्फत विक्री करायची असल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार आधी नोंदणी करून घ्यावी. २५ टक्क्यांपेक्षा कमी रस असलेल्या पेयाला स्क्वॅश म्हणून विकता येत नाही. बाटलीवर घटक, परिरक्षकाचे नाव, तयार केल्याची तारीख आणि नोंदणी क्रमांक लिहावा. पहिल्या वर्षी दहा-बारा बाटल्यांच्या वर जाऊ नये. त्यातील दोन बाटल्या न उघडता पावसाळ्यापर्यंत ठेवाव्यात आणि जूनमध्ये उघडून रंग, वास व कडवटपणा तपासावा. पुढील हंगामात किती फळ घ्यायचे ते त्यावरून ठरवता येईल.